विचारा ताईला : हेल्थ अँड सोशल केअर म्हणजे ढ मुलांचा विषय का हो?

या वेळी आलेली निम्मी पत्रं इंग्लंडातून आहेत आणि सगळी एकाच विषयावर, कारण तिकडे इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी ऑप्शन्सचे, म्हणजे पुढे कुठले विषय घ्यायचे त्याचे, फॉर्म भरायची वेळ आलीये. एक पत्र मात्र सांगलीचं आहे, ते मुद्दाम मध्ये घेतलंय. आधीच सांगून टाकते, मी मिडलँड्समधल्या एका सरकारी शाळेत हा विषय नऊ वर्षं शिकवला आणि त्याआधी, तिकडे नवीन गेले तेव्हा, केअर होममध्ये नाइट शिफ्ट केल्यात, म्हणजे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही लेस्टरला असतो. मुलगी इयर नाइनला आहे, महिन्याभरात ऑप्शन्स द्यायचेत. तिला हेल्थ अँड सोशल केअर घ्यायचंय. मिस्टर आयटीत आहेत, ते म्हणतात हिस्टरी घे नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घे, हा विषय ढ मुलांसाठी असतो आणि पुढे म्हाताऱ्यांचे डायपर बदलायचं काम मिळतं. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाहीये. आमच्या मनात तिनं डॉक्टर व्हावं असं होतं. काय करू? – एक आई

मिस्टरांना सांगा, केअर होममध्ये त्याला डायपर म्हणत नाहीत, पॅड म्हणतात, आणि ऐंशी वर्षांच्या माणसासमोर डायपर हा शब्द का काढायचा नाही हेच या विषयात शिकवतात. म्हणजे त्यांनी एका वाक्यातच विषयाची गरज सिद्ध करून दिलीय :)

आता नीट सांगते. इंग्लंडात इयर टेन आणि इलेव्हनला, म्हणजे १४ ते १६ वयात, हा विषय बहुतेक शाळांमध्ये दोनपैकी एका रूपात असतो, एक पिअर्सनचा बीटेक टेक अवॉर्ड आणि दुसरा ओसीआरचा केंब्रिज नॅशनल (पिअर्सन आणि ओसीआर ही तिकडची परीक्षा मंडळं). दोन्ही एका जीसीएसईच्या, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेतल्या एका विषयाच्या, तोलाचे. बीटेकमध्ये तीन भाग असतात, दोन शाळेत करायच्या असाइनमेंटचे ३०-३० टक्के आणि तिसरा दोन तासांचा बाहेरचा पेपर ४० टक्क्यांचा. केंब्रिज नॅशनलमध्येही पेपर ४० टक्क्यांचाच, फक्त सव्वा तासाचा. ग्रेड ९-८-७ अशा नसतात, पास, मेरिट, डिस्टिंक्शन असतात, आणि तेही लेव्हल वन आणि लेव्हल टू असे वेगळे. हे लक्षात ठेवा कारण पालक इथेच फसतात, लेव्हल टू पास म्हणजे साधारण ग्रेड ४ आणि लेव्हल वन मिळालं तर त्याच्या खाली, मग नुसतं ‘पास’ वाचून पेढे वाटू नका.

ढ मुलांचा विषय हे कुठून आलं तेही मला माहितीये. काही शाळा खरंच तसं करतात, जी मुलं फ्रेंचला बसत नाहीत त्यांना इकडे ढकलतात, आणि मग वर्गात निम्मी मुलं स्वतःहून आलेली नि निम्मी पाठवलेली. शिक्षक म्हणून मला त्याचा भयंकर राग यायचा. पण त्यात दोष शाळेच्या टाइमटेबलचा आहे, विषयाचा नाही.

विषयात काय असतं ते एका तासावरून सांगते. मी दरवर्षी एक प्रयोग करायचे, मुलांच्या जोड्या लावायच्या, एकाच्या डोळ्यांवर पट्टी आणि दुसऱ्यानं त्याला चमच्यानं दही भरवायचं, बोलायचं नाही. पहिलं मिनिट नुसता खिदळ्या-खिदळीचा दंगा. मग कुणाच्या तरी नाकाला चमचा लागतो, कुणाला घास गिळायच्या आत दुसरा चमचा येतो, कुणाची हनुवटी दुसऱ्यानं न विचारता टिश्यूनं पुसलेली असते, आणि वर्ग हळूहळू गप्प होतो. नंतर तेच परत करायचं, पण आता समोर बसून, उभं राहून नाही, काय भरवतोय ते सांगून आणि गिळेपर्यंत थांबून. एका मुलानं पट्टी काढल्यावर मला विचारलं होतं की मिस, माझ्या नॅनला (आजीला) रोज असंच भरवत असतील का, पहिल्यासारखं? त्यावर मी काय बोलणार. डिग्निटी हा शब्द त्या दिवशी मला फळ्यावर लिहावा लागला नाही.

बाकी मग माणसाच्या वाढीचे टप्पे असतात, जन्मापासून म्हातारपणापर्यंत, शरीर, बुद्धी, भावना आणि समाज अशा चार बाजूंनी, फिजिकल, इंटलेक्चुअल, इमोशनल, सोशल यांची पहिली अक्षरं जोडून मुलं त्याला पाइज म्हणतात. बीपी, पल्स, बीएमआय वाचायला शिकतात. (सावध करून ठेवते, हा भाग सुरू झाला की घरात सगळ्यांची मोजमापं निघतात. आणि आपल्या लोकांसाठी बीएमआयची रेघ खाली असते, २५ नाही, २३ पासूनच धोका वाढतो असं तिकडच्या नाइस या आरोग्य-सल्ला देणाऱ्या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये आहे, आणि २७.५ च्या वर गेलं की लठ्ठपणाच धरायचा. मिस्टरांनी पोट आत घेऊन बसावं.)

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना वीस-वीस वर्षं तिकडे राहूनही माहिती नसते ती मुलं पंधराव्या वर्षी शिकतात, की हेल्थ आणि सोशल केअर हे दोन वेगळे गल्ले आहेत. एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन फुकट. पण त्यानंतर घरी येऊन आंघोळ घालायला, जेवण द्यायला माणूस लागला तर ते सोशल केअर, ते काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, आणि तिथे तुमची ऐपत तपासतात. इंग्लंडात २३,२५० पौंडांच्या वर पैसे साठलेले असतील तर सगळा खर्च सहसा तुमचा तुम्हालाच. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे घरी जाऊन सांगितलं आणि तिच्या आई-बाबांनी आजोबांच्या केअरची पहिल्यांदा नीट चौकशी केली. हिस्टरी चांगलाच विषय आहे हो, पण तो हे नाही सांगत.

आता डॉक्टरचं. मेडिसिनला ए लेव्हलला (तिकडची अकरावी-बारावी म्हणा) केमिस्ट्री जवळपास सगळीकडे लागते, बहुतेक ठिकाणी बायोलॉजीही, आणि त्यासाठी जीसीएसईला सायन्स आणि मॅथ्सच्या ग्रेड उत्तम लागतात. सायन्स तर सक्तीचंच आहे, ते ती घेणारच. त्यामुळे बाकीच्या तीन-चार ऑप्शन्सपैकी एक हेल्थ अँड सोशल केअर घेतला म्हणून मेडिसिनचं दार बंद होत नाही, फक्त ट्रिपल सायन्स (तिन्ही सायन्स वेगवेगळी घेणं) आणि हा विषय एकाच रांगेत येतायत का ते शाळेच्या ऑप्शन्सच्या कागदावर बघा, तसं असेल तर मात्र डॉक्टरकीचा विचार पक्का असल्यास ट्रिपल घ्या असं मीही म्हणेन. खरा फाटा सोळाव्या वर्षी फुटतो. तिथे तिनं ए लेव्हल सोडून हेल्थचा टी लेव्हल, म्हणजे प्रत्यक्ष कामाशी जोडलेला कोर्स, घेतला तर मेडिसिनला बहुतेक कॉलेजं विचारणार नाहीत, पण नर्सिंग, मिडवाइफरी, ऑक्युपेशनल थेरपी, सोशल वर्क अशा डिग्र्यांच्या वाटा चांगल्या खुल्या राहतात. टी लेव्हल दोन वर्षांचा, त्यात निदान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या जागी काढावे लागतात, आणि त्यातलं डिस्टिंक्शन युकॅसच्या (विद्यापीठ प्रवेशाच्या) गुणांत तीन ए ग्रेडच्या बरोबरीचं, १४४. सोळानंतरचे बीटेक मात्र सध्या हलतायत, त्यांच्या जागी व्ही लेव्हल नावाचे नवे कोर्स आणायचं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलंय, त्यामुळे दोन वर्षांनी त्या वेळचा कागद बघूनच ठरवा, माझ्या आजच्या शब्दावर नको.

आणि समजा नर्स झाली तर? तीन वर्षांची डिग्री, त्यात २,३०० तास वॉर्डात आणि कम्युनिटीत, आणि इंग्लंडात पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड मिळतात जे परत करायचे नसतात. तुमच्या मिस्टरांना हार्ट अटॅक आला (न येवो) तर रात्री तीन वाजता मॉनिटरकडे बघत कोण उभं असेल ते त्यांना विचारा. मुलीला जेवायला बसवा आधी.

प्रश्न : ताई, मी इयर टेनला आहे, बॉय. हा सब्जेक्ट मी स्वतः घेतला पण क्लासमधे २४ जणांत मी एकटाच बॉय आहे, फ्रेंड्स मला नर्स नर्स म्हणतात. आईला नाही सांगितलं. सोडून देऊ का? – नाव नको

सोडू नकोस. तिकडे नोंदणी झालेल्या नर्सेसमध्ये साधारण दहातला एकच पुरुष असतो, म्हणजे वर्गात तुझं जे झालंय तेच पुढे वॉर्डात असतं, आणि त्याची किंमत आम्हाला कळते. केअर होममध्ये आमच्याकडे एक आजोबा होते, खाणीत काम केलेले, आंघोळीला काही केल्या तयार व्हायचे नाहीत, शिव्या द्यायचे, फाइलमध्ये लिहिलेलं होतं ‘अग्रेसिव्ह’. मग एक विशीतला मुलगा कामाला लागला. त्यानं विचारलं, आज आंघोळ की नुसतं अंग पुसू? आजोबा म्हणाले, आंघोळ. एवढंच होतं ते, त्यांना बायकांसमोर कपडे काढायची लाज वाटत होती आणि चार महिने कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. फाइलमधला तो शब्द नंतर खोडला. मित्रांना सांगायचं तर सांग, नाहीतर जाऊ दे, पण आईला सांग रे बाळा, म्हणजे ती उगाच दुसरं काहीतरी झालंय समजून घाबरणार नाही.

प्रश्न : मॅडम, मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली. इथं एका एजंटनी सांगितलंय की सहा महिन्यांचा केअरगिव्हरचा कोर्स करा, यूकेला केअरर म्हणून पाठवतो, नवरा-मुलं पण नेता येतील पुढं, १२ लाख द्या, ४ लाख आत्ता. जमीन गहाण ठेवायचा विचार चाललाय. तिकडं शाळेत शिकवतात तसाच हा कोर्स आहे म्हणतोय. खरं का? – एक वडील, सांगली जिल्हा

दादा, एक रुपया देऊ नका. हे उत्तर मी मासिक छापायची वाट न बघता तुम्हाला आधीच मेलनं पाठवलंय, पण इथेही लिहिते कारण तुमच्यासारखे अजून असतील.

२२ जुलै २०२५ पासून ब्रिटननं केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर या कामांसाठी बाहेरच्या देशातून नवीन माणसं घेणं बंद केलंय. कुटुंब नेण्याची सोय तर त्याच्याही आधी, ११ मार्च २०२४ ला बंद झाली. म्हणजे एजंटची दोन्ही वाक्यं शिळी आहेत. शिवाय व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट ही विकत घ्यायची वस्तूच नाही, ते नोकरी देणारा देतो आणि त्याचा खर्च कामगाराकडून वसूल करायला त्याला तिकडच्या नियमानं मनाई आहे. रस्ता चालू होता तेव्हासुद्धा भारतातली कितीतरी माणसं असे लाखो रुपये भरून तिकडे गेली आणि पोचल्यावर काम नाही, तास नाहीत, मालकाचं बाहेरची माणसं घ्यायचं लायसन्सच गेलेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तिकडच्या शाळेतला विषय हा चौदा वर्षांच्या पोरांचा शाळेचा विषय आहे, त्यावर कुणाला व्हिसा मिळत नाही.

मुलीला या कामाची खरंच आवड असेल तर इथून सुरुवात करता येते. नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि आर्ट्सवाल्यांना जीएनएमला बसता येतं, बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय असला की. बीएससी नर्सिंगला मात्र फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, ते तिला आता नाही जमणार. कॉलेजला मान्यता आहे का ते नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या भिंतीवरच्या बोर्डावर नको. जीएनएम झालं, अनुभव झाला, इंग्रजीची परीक्षा दिली की रजिस्टर्ड नर्स म्हणून बाहेरच्या वाटा वेगळ्या असतात, ब्रिटनची नर्सेसची वाट केअररसारखी बंद नाहीये, पण त्याला वर्षं लागतात आणि त्यात गहाण ठेवायला जमीन लागत नाही. घरात धाकटं कुणी नववीत असेल तर शाळेत विचारा, महाराष्ट्रातल्या काही शाळांमध्ये व्यवसाय शिक्षणात नववी-दहावीला हेल्थ केअर विषय आहे, त्यात पेशंटच्या देखभालीचं काम शिकवतात, बेड कसा लावायचा, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, हात कसे धुवायचे. फार ठिकाणी नाही, पण आहे.

प्रश्न : हाय ताई, मी १५ वर्षांची आहे, स्लाऊला राहते. माझं मराठी बोलायला ओके आहे, लिहायला आईने हेल्प केली. केंब्रिज नॅशनलच्या लाइफ इव्हेंट्सच्या युनिटसाठी मला एका पर्सनची मुलाखत घ्यायचीय. माझी आजी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीये, आजोबा मागच्या वर्षी गेले म्हणून. मी तिला विचारलं तर ती रडली. आता विचारू की नको? आणि ती सारखं म्हणते ‘करमत नाही’, मी ते इंग्लिशमधे लोनली लिहिलं तर आई म्हणते लोनली नाही, बोअर लिहिलं तर आजी चिडली. – ‘कन्फ्यूज्ड’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. असाइनमेंट मी लिहून देणार नाही हां, ते चीटिंग होईल, पण मुलाखत कशी घ्यायची ते सांगू शकते.

आजी रडली म्हणजे तू काही चूक केलीस असं नाही. बघ, तिनं आधी ‘हो’ म्हटलं होतं का, हे कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, हे तिला नीट मराठीत सांगितलं होतंस का? तेच कन्सेंट. फॉर्मवर सही घेतली म्हणजे कन्सेंट होत नाही. परत विचार, आणि सांग की आजी, तुला नको वाटलं की हात वर कर, मी वही बंद करते. मग खरंच बंद कर. आणि समोर लॅपटॉप उघडून नको बसूस, तिच्याबरोबर मटार सोलायला बस नाहीतर वाती करायला बस. हात कामात असले आणि नजरेला नजर नसली की आपल्याकडच्या बायका बोलतात, मी केअर होममध्ये इंग्लिश आज्यांचंही लोकर गुंडाळता-गुंडाळता असंच होताना बघितलंय. पहिला प्रश्न आजोबांचा नको. साताऱ्यात सकाळी उठून पहिलं काय करायचीस, असं विचार. दूधवाला येईल, शेजारची हाक मारेल, फुलं काढायची, मंदिर, पेपर आजोबांना आधी द्यायचा. आजोबा आपोआप येतील त्यात, चहाच्या दुसऱ्या कपासारखे.

आता ‘करमत नाही’. तुझी आईही बरोबर आणि आजीही. घरात पाच माणसं असली तरी करमत नाही, म्हणून ते लोनली नाही. टीव्ही, फोन, नातवंडं सगळं आहे म्हणून ते बोअरही नाही. जीव जिथे रुळलेला होता तिथून उचलून दुसरीकडे ठेवलाय आणि तो अजून बसला नाहीये, असं काहीतरी ते आहे. तू असं कर, तिचा शब्द तसाच लिही, करमत नाही, अवतरणचिन्हात, आणि खाली तुझ्या इंग्लिशमध्ये दोन ओळींत समजावून सांग. इमोशनल की सोशल, कुठल्या खान्यात टाकू असं वाटेल, दोन्हीत टाक आणि का ते लिही. तिची झोप कमी झालीय का, जेवण कमी झालंय का, तिथल्या थंडीत बाहेर पडत नाही म्हणून गुडघे आखडलेत का, तेही विचार, कारण मग तोच एक शब्द फिजिकलमध्येही जातो. एका शब्दावर तुझं एक पान होईल बघ.

सपोर्टच्या भागात मुलं काउन्सिल, चॅरिटी, जीपी (फॅमिली डॉक्टर) असं पाठ केलेलं सगळं लिहून मोकळी होतात. तू तसं नको करूस. तुझी आजी व्हिजिटर व्हिसावर आलीये, काउन्सिलची केअर वगैरे तिच्यासाठी नाही, मग तिचा आधार कोण? तू, तुझी आई, साताऱ्याहून रोज येणारा शेजारणीचा व्हिडिओ कॉल, देवळात भेटलेली एखादी गुजराती आजी जिच्याशी ती मोडक्या हिंदीत बोलत असेल. त्याला तुमच्या विषयात इनफॉर्मल सपोर्ट म्हणतात. कॉलची वेळसुद्धा लिही, साताऱ्यातले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात दुपारचे चार, म्हणजे तू शाळेतून येतेस तेव्हा तिचा फोन नुकताच संपलेला असतो आणि ती सगळ्यात जास्त उदास त्याच वेळेला असेल. खात्री करून बघ, माझा अंदाज आहे.

शेवटचं, तिचं खरं नाव, गाव, फोटो काही घालायचं नाही, ती गुप्तता पाळायची आणि पाळली असं लिहायचंही. खोटं नाव मात्र तू ठरवू नकोस, तिलाच ठरवू दे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीनं पूर्ण दोन दिवस विचार करून सांगितलं होतं, माझं नाव मधुबाला लिही.